ग्रीक पुतळ्यांचा पांढरा रंग आणि वंशाची मोजपट्टी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक आणि रोमन शिल्पांवर मराठीतून बोलायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली आहे. व्याख्यान संपलं की अर्धे प्रश्न रंगाचे येतात, आणि त्यातले बरेचसे शेवटी माणसाच्या कातडीच्या रंगावर जाऊन थांबतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात भारत, इजिप्त, अ‍ॅसिरिया, ग्रीस आणि रोम इथली प्राचीन शिल्पं एका छताखाली मांडली गेली. तेव्हापासून तर हे प्रश्न वाढलेच. जे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

ग्रीक पुतळे खरंच रंगवलेले होते? की ही नवी टूम आहे?

रंगवलेले होते. जाणकारांना हे दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधल्या कात्रमेर द क्वेन्सी यांनी प्राचीन शिल्पांच्या रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. १८८४ मध्ये ड्रेस्डेनच्या संग्रहालयातले गेओर्ग त्रॉय यांनी ‘आपण आपले पुतळे रंगवावेत का?’ असा प्रश्न उघडपणे विचारला. लंडनमध्ये जॉन गिब्सन या शिल्पकाराने १८६२ च्या प्रदर्शनात हलका रंग दिलेली व्हीनस ठेवली आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला.

प्राचीन लोकांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की प्राक्सितेलीस या थोर शिल्पकाराला कुणीतरी विचारलं, तुझ्या संगमरवरी शिल्पांपैकी तुला सगळ्यात प्रिय कोणती? तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागला ती. निकियास हा चित्रकार होता. युरिपिडीसच्या नाटकातली हेलन आपल्या रूपाला कंटाळून म्हणते की पुतळ्यावरचा रंग पुसावा तसं हे सौंदर्य पुसता आलं असतं तर! रंग पुसला की पुतळा कुरूप होतो, हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याशिवाय नाटककार अशी उपमा देणार नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दक्षिण इटलीतलं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक मातीचं भांडं आहे. त्यावर चित्रकार हेराक्लीसच्या पुतळ्याला रंग देताना दाखवला आहे.

आणि प्रत्यक्ष पुरावा? इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा अक्रोपोलिस जाळला. मोडलेल्या मूर्ती अथेन्सकरांनी तिथेच पुरल्या. १८८० च्या दशकात त्या बाहेर निघाल्या तेव्हा केसांवर लाल, वस्त्रांच्या काठांवर निळा-हिरवा रंग स्पष्ट होता. १८८६ मध्ये सापडलेली ‘पेप्लॉस कोरे’ नावाची तरुणी आजही अथेन्सच्या अक्रोपोलिस संग्रहालयात आहे, तिच्यावर रंगाच्या खुणा साध्या डोळ्यांना दिसतात. रोमजवळ १८६३ मध्ये सापडलेल्या सम्राट ऑगस्टसच्या पुतळ्यावरही रंग होता. १८८७ मध्ये आजच्या लेबनॉनमधल्या सिदोनला ‘अलेक्झांडरची शवपेटी’ उस्मान हमदी बे यांनी उकरून काढली. ती आज इस्तंबूलमध्ये आहे, आणि तिच्यावरचे जांभळे-पिवळे सैनिक बघून माझा तरी जीव भरून आला होता.

डोळ्यांना दिसत नाही तिथे रंग होता, हे कसं ठरवतात?

१९८० च्या दशकात म्युनिकमध्ये व्हिन्त्सेन्त्स ब्रिंकमान हे तरुण संशोधक शिल्पांवरच्या छिन्नीच्या खुणा शोधत होते. त्यासाठी त्यांनी दिव्याचा प्रकाश दगडावर अगदी तिरपा टाकला. छिन्नीच्या खुणा फारशा मिळाल्या नाहीत, पण नक्षी दिसू लागली. कारण साधं आहे. काही रंग दगडाला जास्त काळ चिकटून राहतात, काही लवकर झडतात. जिथे रंग टिकला तिथला दगड झिजला नाही. त्यामुळे रंग गेला तरी त्याची उंची-खोली केसाएवढी उरते. ग्रीसमधल्या एजिना बेटावरच्या मंदिरातल्या धनुर्धराच्या तंग विजारीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी होती, ती अशीच सापडली.

दुसरी रीत मला फार सुंदर वाटते. प्राचीन काळी तांबं, वाळू आणि चुना एकत्र भाजून एक निळा रंग करत, त्याला ‘इजिप्शियन निळा’ म्हणतात. त्यावर लाल प्रकाश टाकला की तो अवरक्त किरण बाहेर फेकतो. आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण अवरक्त कॅमेऱ्यात त्याचा एखादा कणसुद्धा अंधारात चांदणी लुकलुकावी तसा दिसतो. जोव्हानी व्हेरी यांनी ही रीत पुतळ्यांवर वापरली आणि २००९ मध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातल्या इरिस देवतेच्या कमरपट्ट्यावर हा निळा सापडला. बाकीचे रंग तर आपल्या ओळखीचेच आहेत: हिंगूळ, गेरू, पिवडी, सफेदा, मंजिष्ठा.

मग एवढा रंग गेला कुठे?

बराचसा माती, पाऊस आणि उन्हाने गेला. उरलेला माणसांनी घासला. उत्खननात निघालेली मूर्ती ‘स्वच्छ’ करायची म्हणजे तिच्यावरचा मातीचा थर खरवडायचा, आणि त्या थरातच रंग असायचा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९३७-३८ मध्ये पार्थेनॉनच्या शिल्पांना तांब्याच्या अवजारांनी आणि कार्बोरंडम या कठीण, खरखरीत पदार्थाने घासण्यात आलं. नव्या दालनासाठी पैसे देणाऱ्या लॉर्ड डुव्हीन यांना ती पांढरीशुभ्र हवी होती. ही शिल्पं ज्यातून घडवली तो पेंटेलिक संगमरवर मुळात पांढराशुभ्र नसतोच. त्यात लोह असतं, काळाबरोबर तो मधासारखा पिवळसर होतो. म्हणजे तिथे नुसता रंग गेला असं नाही, दगडाचा स्वतःचा वर्णही खरवडला गेला. १९३८ च्या सप्टेंबरात ते काम थांबवलं, तोवर व्हायचं नुकसान होऊन गेलं होतं.

रंगवलेल्या प्रतिकृती भडक दिसतात. इतके थोर शिल्पकार असं रंगवतील?

हा प्रश्न रास्त आहे. २००३ मध्ये म्युनिकच्या ग्लिप्टोथेकमध्ये व्हिन्त्सेन्त्स ब्रिंकमान आणि उल्रिके कोख-ब्रिंकमान यांच्या रंगीत प्रतिकृतींचं प्रदर्शन झालं, आणि पुढे ते जगभर फिरलं. त्यातल्या काही प्रतिकृतींचा रंग सपाट आहे, हा आक्षेप इतर संशोधकांनीही घेतला आहे. दगडावर उरलेला कण हा बहुधा सगळ्यात खालच्या थरातला असतो. वरचे पातळ थर, छटा, मेणाची झिलई उरत नाही. ब्रिटिश म्युझियममधलं ‘त्रॉय हेड’ हे दुसऱ्या शतकातलं रोमन स्त्रीचं मस्तक पाहा. तिच्या त्वचेचा रंग अनेक रंगद्रव्यं मिसळून, थरावर थर देऊन केला आहे. इतकं नाजूक काम ते करत. शेवटी मेण आणि तेलाचा हात फिरवत.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती साच्यातून निघाली, घासून गुळगुळीत झाली, तरी ती अजून गणपती नसते. डोळ्यांची आखणी झाली की ती बघते. ज्याचा हात आखणीला बसला आहे तो माणूस कारखान्यात वेगळाच मान मिळवतो. प्राक्सितेलीसला निकियास का हवा होता, हे पेणकराला समजावून सांगावं लागणार नाही. वेरूळच्या कैलास लेण्यालाही पूर्वी रंगमहाल म्हणत, कारण त्याच्यावर चुन्याचा गिलावा आणि रंग होता. आज आपण त्याचा काळा दगड बघून ‘किती भव्य’ म्हणतो. तोही अर्धाच कैलास.

यात वंशाचा प्रश्न येतो कुठून? पांढरा दगड सुंदर दिसतो, एवढंच नाही का?

इथे योहान योआखिम विंकेलमान यांना भेटावं लागतं. १७१७ मध्ये जर्मनीत एका चांभाराच्या घरी जन्मलेला हा माणूस विलक्षण अभ्यासू होता. १७५५ मध्ये तो रोमला गेला आणि १७६४ मध्ये त्याने प्राचीन कलेचा इतिहास लिहिला. कलेला बालपण, तारुण्य, ऱ्हास असतो ही मांडणी त्याचीच. ग्रीसला तो कधीच गेला नाही. त्याने पाहिल्या त्या बहुतेक रोमन प्रती, शतकानुशतकं धुतलेल्या.

त्याच इतिहासात त्याने लिहिलं की पांढरा रंग सर्वाधिक प्रकाश परत पाठवतो, म्हणून सुंदर शरीर जितकं पांढरं तितकं ते अधिक सुंदर. त्याच्यावर अन्याय नको, म्हणून पुढचंही सांगते: रंगाने सौंदर्यात भर पडते, पण सौंदर्य आकारात असतं, आणि चेहऱ्याची ठेवण चांगली असेल तर काळा माणूसही सुंदर म्हणता येईल, असंही तो म्हणतो. पाँपेईत १७६० मध्ये सापडलेल्या आर्टेमिसच्या रंगीत मूर्तीचं त्याने रंगांसकट वर्णन केलं आहे. म्हणजे त्याला रंग दिसला होता. पण चांगली ठेवण कोणती? तर ग्रीक. चपटं नाक, जाड ओठ हे त्याच्या लेखी निसर्गाने वाट चुकल्याचं लक्षण. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या पुस्तकातला बारकावा सोडला आणि पांढरेपणा तेवढा उचलला.

पुतळ्यावरून माणसं मोजली, म्हणजे नेमकं काय केलं?

या संपूर्ण विषयातला हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, म्हणून जरा सविस्तर.

पेत्रुस काम्पर हा डच शरीरशास्त्रज्ञ चित्रकलाही शिकला होता. चित्रकार सगळ्या माणसांचे चेहरे एकाच साच्यात काढतात, काळ्या माणसाला नुसता काळा रंग फासलेला युरोपीय म्हणून दाखवतात, अशी त्याची रास्त तक्रार होती. म्हणून त्याने कपाळापासून वरच्या ओठापर्यंत एक रेषा धरली आणि कानापासून नाकाच्या बुडाशी जाणारी दुसरी. या दोहोंमधला कोन म्हणजे ‘मुखकोन’. त्याच्या मृत्यूनंतर १७९१ मध्ये हे छापलं गेलं. ओरांगउटान ५८ अंश, आफ्रिकी आणि काल्मुक (एक मंगोल समाज) ७०, युरोपीय ८०, रोमन पुतळे ९५, आणि ग्रीक देवतांचे पुतळे १००.

हा क्रम पुन्हा वाचा. एका टोकाला वानर, दुसऱ्या टोकाला दगड. जिवंत माणसं मध्ये. काम्परने स्वतः मान्य केलं होतं की १०० अंशांचा चेहरा निसर्गात आढळत नाही, ती कलावंताची करामत आहे. सगळी माणसं एकाच मुळाची आहेत असंही तो मानत होता. पण तक्ता तयार झाला. ज्या उंचीचा माणूस कधी जन्मलाच नाही, त्या उंचीवर मोजपट्टीचं टोक बसवलं गेलं, आणि त्या टोकापासून कोण किती दूर यावर माणसाची किंमत ठरू लागली.

१८५४ मध्ये अमेरिकेत जोसाया नॉट आणि जॉर्ज ग्लिडन यांनी मानववंशांवरचा एक जाडजूड ग्रंथ काढला. नॉट हा अलाबामातला डॉक्टर, स्वतः गुलाम बाळगणारा. वंश वेगवेगळे जन्मले आहेत आणि गुलामगिरी नैसर्गिक आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्या ग्रंथात एक चित्र आहे. वर अपोलो बेल्व्हेडेर या अपोलो देवाच्या प्रसिद्ध पुतळ्याचं मस्तक आणि शेजारी ‘ग्रीक’ कवटी, मध्ये आफ्रिकी माणूस आणि त्याची कवटी, खाली चिंपांझी आणि त्याची कवटी. मधली कवटी हवी तशी ओढूनताणून काढली आहे. वरती तर माणूसच नाही, पुतळा आहे! आणि तो पुतळासुद्धा बहुतेक अभ्यासकांच्या मते एका ग्रीक ब्राँझ मूर्तीची रोमन प्रत. मूळ मूर्ती असलीच तर ती धातूच्या वर्णाची, तांबूस-तपकिरी होती. विज्ञान म्हणून छापलेल्या त्या पानावर गोऱ्या वंशाचा प्रतिनिधी म्हणून उभं राहायला त्यांना एकही जिवंत गोरा माणूस पुरेसा वाटला नाही.

ग्रीक-रोमन लोक वर्णभेद मानत नव्हते का?

आपण ज्याला वर्णभेद म्हणतो तसा नाही. पण म्हणून ते उदार होते असंही समजू नका.

ग्रीक चित्रांत स्त्रिया गोऱ्या, पुरुष तांबूस-तपकिरी. घरात राहणारी ती गोरी, रणात आणि आखाड्यात घाम गाळणारा तो रापलेला. पुरुषाच्या बाबतीत गोरेपणा हे कौतुक नव्हतंच. झेनोफन सांगतो की स्पार्टाचा राजा अगेसिलाओस याने इराणी कैद्यांना उघडं करून विकायला उभं केलं. कधी ऊन न लागलेली त्यांची पांढरी कातडी पाहून ग्रीक सैनिकांना वाटलं, यांच्याशी लढणं म्हणजे बायकांशी लढणं. ‘ओडिसी’त अथेना देवी ओडिसियसला त्याचं तेज परत देते तेव्हा त्याचा वर्ण पुन्हा गडद होतो. होमर इथिओपियाच्या लोकांना निष्कलंक म्हणतो, हिरोडोटस त्यांना माणसांत सगळ्यात उंच आणि सुंदर म्हणतो.

हॉवर्ड विद्यापीठातले फ्रँक स्नोडेन यांनी १९७० मध्ये असे शेकडो दाखले एकत्र केले आणि मांडलं की प्राचीन जगात कातडीच्या रंगावरून द्वेष नव्हता. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या या अभ्यासकाने ते काम अमेरिकेतल्या कोणत्या काळात उभं केलं हे आठवलं की त्याचं मोल कळतं. पुढे २००४ मध्ये बेंजामिन आयझॅक यांनी दुसरी बाजू दाखवली: हवामानामुळे आशियाई लोक भित्रे, उत्तरेकडचे लोक मंद, आणि मधले आम्ही ग्रीक तेवढे राज्य करायला योग्य, असं अ‍ॅरिस्टॉटल लिहून गेला आहे. कमी लेखायची हौस होतीच, पण त्या उतरंडीत ‘गोरे’ नावाचा गट नव्हता. उत्तर युरोपातल्या फिकट लोकांना त्यांनी रानटीच मानलं.

मला यात सगळ्यात बोलकं वाटतं ते बर्लिनमधलं मेम्नॉनचं मस्तक. अथेन्सचा धनाढ्य पंडित हिरोडीस अ‍ॅटिकस याचा हा आफ्रिकी शिष्य. दुसऱ्या शतकात त्याचं व्यक्तिशिल्प केलं गेलं, गंभीर, विचारात पडलेलं, संगमरवरात. आज ते पांढरं दिसतं, म्हणून बघणारा क्षणभर गोंधळतो. घडवणाऱ्याला मात्र पांढरा दगड आणि गडद वर्ण यांत काहीच विसंगत वाटलं नसणार, कारण दगड ही त्याच्यासाठी अजून न रंगवलेली भिंत होती. बर्लिनमध्येच सम्राट सेप्टिमियस सेव्हरस याचं लाकडी फळ्यावरचं कुटुंबचित्र आहे. आजच्या लिबियात जन्मलेल्या या रोमन सम्राटाचा वर्ण त्यात चांगला सावळा रंगवला आहे.

एकोणिसाव्या शतकात कलावंतांनी यावर काय केलं?

मूळच्या कॅनडातल्या कला-इतिहासकार शार्मेन नेल्सन यांचं संशोधन नेमकं याच काळावर आहे, आणि ते वाचल्यापासून मी संगमरवराकडे पूर्वीसारखी पाहूच शकत नाही. त्यांचं म्हणणं असं: रोममध्ये राहून काम करणाऱ्या अमेरिकी शिल्पकारांना प्राचीन शिल्पं रंगीत होती हे माहीत होतं. तरीही त्यांनी पांढरा दगड पांढराच ठेवला. ती निवड होती. रंग दिला की नग्न शरीर मांसाचं होतं, पांढरं ठेवलं की ते ‘पवित्र’ राहतं. पण मग काळ्या स्त्रीचं शिल्प करायचं तर? वर्ण दाखवायचा नाही, मग ती काळी आहे हे केसांवरून, ओठांवरून, बेड्यांवरून सुचवायचं. किंवा सुचवायचंच नाही.

हायरम पॉवर्सची ‘ग्रीक गुलाम’ ही १८४४ ची मूर्ती घ्या. तुर्कांच्या बाजारात विकायला उभी केलेली ग्रीक मुलगी, हातात साखळी. ज्या अमेरिकेत दर आठवड्याला काळ्या मुली अशाच उभ्या केल्या जात होत्या, तिथे हजारो लोक पैसे देऊन ही मूर्ती पाहायला आले आणि हळहळले. १८५१ मध्ये ती लंडनच्या प्रदर्शनात होती. ‘पंच’ साप्ताहिकाने तिच्याच ढंगात ‘व्हर्जिनियाची गुलाम’ असं काळ्या स्त्रीचं चित्र छापलं. गुलामगिरीतून पळून आलेले लेखक विल्यम वेल्स ब्राऊन ते चित्र घेऊन प्रदर्शनात गेले आणि त्यांनी ते मूर्तीच्या शेजारी धरलं. कलासमीक्षा याहून नेमकी काय करणार?

आणि अमेरिकी शिल्पकार एडमोनिया लुईस. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे या मूळनिवासी समाजाशी नातं असलेली. अमेरिकेतल्या ऑबर्लिन कॉलेजात शिकत असताना सहपाठी मुलींना विष घातल्याचा आरोप तिच्यावर आला. खटला उभा राहण्याआधीच जमावाने तिला अर्धमेली होईपर्यंत मारलं. आरोप पुढे टिकला नाही. ती रोमला गेली आणि त्याच पांढऱ्या संगमरवरात काम करू लागली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तिची ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ होती: सिंहासनावर मरून पडलेली राणी, मान एका बाजूला कललेली. चेहरा तिने आफ्रिकी केला नाही. तसा केला असता तर लोकांनी त्या शिल्पाऐवजी तिचाच चेहरा पाहिला असता, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पुढे ती मूर्ती हरवली. शिकागोजवळच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात क्लिओपात्रा नावाच्या घोडीच्या थडग्यावर ती अनेक वर्षं उभी होती. नंतर बांधकामाच्या सामानाच्या वखारीत पडली आणि तिथे स्काउटच्या मुलांनी प्रेमाने तिला घर रंगवायचा रंग फासला. १९९४ मध्ये ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन अमेरिकन कला संग्रहालयात आली.

नाझींचा आणि या शिल्पांचा संबंध काय?

हिटलरने १९३८ मध्ये थाळीफेक्याची रोमन प्रत इटलीतून विकत घेतली आणि म्युनिकमध्ये ‘जर्मन जनते’ला भेट म्हणून मांडली. आर्य शरीर असं असतं, हे त्यातून सांगायचं होतं. १९४८ मध्ये ती इटलीला परत गेली. ग्रीक शिल्पकार मायरॉनचं मूळ शिल्प ब्राँझचं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या भिंतींवर एका श्वेतवर्चस्ववादी गटाने पोस्टरं चिकटवली, त्यांवर पुन्हा अपोलो बेल्व्हेडेर होता.

हे आजचं राजकारण जुन्या काळावर लादणं नाही का?

२०१७ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या इतिहासकार सारा बाँड यांनी एवढंच लिहिलं की प्राचीन पुतळे रंगीत होते, आणि त्यांना पांढरं मानण्याने गोरेपणा म्हणजे सौंदर्य ही समजूत पोसली गेली. त्यांना धमक्या आल्या. रंगाचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे, तो कुणी नाकारत नाही. राग आला तो त्या पुराव्याचा वंशाशी असलेला संबंध बोलून दाखवला म्हणून. राजकारण लादलं गेलं ते १८५४ मध्ये. त्याचा हिशेब मांडणं हे इतिहासकाराचं काम आहे, आणि ते आजच्या भाषेतच करावं लागतं.

आपला, मराठी माणसांचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे, आणि तो थेट आहे.

१८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी आधी काय काढत? ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. माणसाचं डोकं कसं असतं हे त्या पांढऱ्या डोक्यांवरून शिकायचं. आमच्या पिढीपर्यंत ‘अँटिक’चं ड्रॉइंग चुकलं नव्हतं. मीही कोळशाने ती नाकं काढली आहेत, आणि नंतर समोर खरं माणूस मॉडेल म्हणून बसलं तेव्हा त्याचं नाक नकळत सरळ केलं आहे. सरांनी विचारलं, हे नाक कुणाचं? मला उत्तर देता आलं नाही.

बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवुड मुंबईत डॉक्टर होते, आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. भारतीय हस्तकलेवर त्यांचं मनापासून प्रेम. पण ललितकला म्हणून शिल्प भारतात नाहीच, असं त्यांनी १८८० मध्ये लिहिलं, आणि १९१० मध्ये लंडनच्या सभेत जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या चरबीच्या पुडिंगची उपमा दिली. त्याच बर्डवुड यांना जे. जे. चा तरुण विद्यार्थी गणपतराव म्हात्रे याची ‘मंदिरपथगामिनी’ अतिशय आवडली. नऊवारीतली, पूजेला निघालेली ती मराठी तरुणी १८९६ च्या सुमाराची. तिच्या लुगड्याच्या चुण्या ग्रीक मूर्तीच्या वस्त्रासारख्या पडल्या आहेत. म्हात्रे यांच्या हातातलं कसब निर्विवाद आहे, मला ती मूर्ती जीव की प्राण आहे. पण बर्डवुड यांना बुद्ध दिसला नाही आणि ही दिसली, याचं कारण त्यांच्या डोळ्यांत आधीपासून बसलेल्या पुतळ्यात होतं.

मोजपट्टीही इथे आली. हर्बर्ट रिझली या इंग्रज अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात बंगालमध्ये नाकं मोजली आणि जाहीर केलं की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. भारतातल्या लोकांवरच्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाची सुरुवातच एका शिल्पाने होते. सांचीच्या स्तूपावर वानरं हातात पात्र घेऊन वेदीपुढे वाकली आहेत, मागे उंच, रेखीव माणसं हात जोडून उभी आहेत. रिझलीने यात वंशभावना पाहिली: रेखीव ते आर्य, वानरं म्हणजे त्यांना तुच्छ वाटणारे इथले मूळ लोक. सांचीला बुद्धाच्या चरित्रातली एक लाडकी कथा कोरलेली आहे, वानराने बुद्धाला मध अर्पण केल्याची. भक्तीच्या त्या दृश्यात काम्परचा तक्ता घालून वाचला की वानर हा वंश होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या १९४८ च्या ग्रंथात ही मोजपट्टी हातात घेतली आणि तिच्यानेच तो सिद्धान्त मोडला: समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेली नाकाची मापं मांडून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे दाखवलं. त्याच्या आधी, १९२० च्या दशकाच्या शेवटी, इरावती कर्वे बर्लिनला, पुढे नाझींच्या वंशधोरणाला आधार देणारे वंशशास्त्रज्ञ ऑयगन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध असतो, असं फिशर यांना वाटत होतं. कर्वे यांनी मोजलं आणि तसा संबंध नाही, असं आपल्या प्रबंधात लिहिलं. ज्या संस्थेत, ज्या माणसासमोर हे लिहिलं ते पाहता त्या धैर्याबद्दल आपण अजून पुरेसं बोललेलो नाही. पुढे महाराष्ट्रात त्यांनीही माणसांची मापं घेतली. ती सवय त्या काळच्या शास्त्राला सुटत नव्हती.

पांढरा पुतळा मला अजूनही सुंदर वाटतो. यात काही चूक आहे का?

नाही. मलाही वाटतो. झिजलेल्या दगडावर पडलेला उजेड सुंदरच असतो. त्याचं ते रूप काळाने घडवलं आहे, एवढं मनात असू द्या.

हे सगळं कुठे पाहायला मिळेल?

अथेन्सचं अक्रोपोलिस संग्रहालय पहिलं. मग इस्तंबूलचं पुरातत्त्व संग्रहालय, म्युनिकचं ग्लिप्टोथेक, फ्रँकफुर्टचं लीबिगहाउस आणि कोपनहेगनचं न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक. मुंबईत असाल तर जे. जे. च्या आवारात आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या त्या अभिरुचीच्या खुणा अजून आहेत.

कुठेही गेलात तरी पुतळ्यासमोर सरळ उभं राहू नका. बाजूला सरका, उजेड तिरपा पडेल असं पाहा. केसांची मुळं, कानामागची खाच, ओठांची फट, वस्त्राच्या काठाची आतली घडी, डोळ्याचा कोपरा: घासणाऱ्याचा हात जिथे पोहोचत नाही तिथे रंग उरतो. पेप्लॉस कोरेच्या डोळ्यांत अजून तांबूस बुबुळं आहेत.